नेमाचं कूळ

कर्जतहून कोंदिवड्याकडे गेलं की राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात कोंढाण्याची लेणी लागतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या चैत्याच्या दर्शनी भागात एका भंगलेल्या मूर्तीच्या मस्तकाजवळ ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरलेली आहे : ‘कण्हस अंतेवासिना बलकेन कतं’. कण्हाचा अंतेवासी बलक याने हे केलं, एवढाच तिचा अर्थ. अंतेवासी म्हणजे जवळ राहणारा. ‘शिष्य’ शब्दात शिकवण आणि आज्ञा आहे, तर अंतेवासी या शब्दात फक्त सहवास. ‘उपवास’ हा शब्दही असाच घडला : उप म्हणजे जवळ, वास म्हणजे राहणं. पोट रिकामं ठेवण्याचा अर्थ त्याला मागाहून चिकटला. ही ओळ ख्रिस्ती नाही, बौद्ध भिक्षुसंघाची आहे. तरीही ख्रिस्ती जीवनातल्या एका गोष्टीचं मराठी कूळ शोधताना मला ती आधी आठवते. प्रार्थना, उपवास, शास्त्रवाचन, मौन, दानधर्म या सगळ्यांना मिळून आपण हल्ली इंग्रजी ‘डिसिप्लिन’वरून ‘आध्यात्मिक शिस्त’ म्हणतो. लॅटिनमधला मूळचा ‘डिसिप्लिना’ हा शब्द ‘डिसिपुलुस’ म्हणजे शिकणारा, शिष्य, याच्यापासून आलेला आहे. त्यातला गुरू आणि शिष्य आपल्या भाषांतरात गळून पडले. मराठीत शिस्त म्हटलं की रांग, गणवेश आणि घंटा डोळ्यांपुढे येतात. माझं म्हणणं असं, की या गोष्टीसाठी मराठीत फार जुना आणि अधिक खरा शब्द आहे : नेम.

नेम हे ‘नियमा’चं घरगुती रूप. खालापूर तालुक्यातल्या महडला वरदविनायकाच्या दर्शनाला दर संकष्टीला येणाऱ्या माणसाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ठरलेल्या दिवशी ठरलेली गोष्ट, मन लागो वा न लागो, करायची, तो नेम. पण मराठीने याच शब्दात दुसराही अर्थ ठेवला आहे. बाण सोडण्याआधी धरतात तोही नेमच. पाळण्याचा नेम आणि धरण्याचा नेम एकाच शब्दात नांदतात. बायबलच्या भाषांशी हा शब्द विलक्षण जुळतो. नव्या करारात पापासाठी जो ग्रीक शब्द येतो, ‘हामार्तिआ’, त्याच्या क्रियापदाचा जुना अर्थ लक्ष्य हुकणं हा आहे. होमरच्या काव्यात भाला नेमका लागला नाही की तेच क्रियापद येतं. हिब्रूतही तसंच. शास्ते या पुस्तकात केसावर गोफण मारली तरी न चुकणारे डावखुरे योद्धे आहेत, आणि तिथलं ‘न चुकणारे’ हे क्रियापद इतरत्र पाप करण्यासाठी येतं. म्हणजे पाप हा नियमाचा भंग आहेच, पण त्याआधी ते नेम चुकणं आहे. हे मराठीत जितकं थोडक्यात सांगता येतं तितकं इंग्रजीत येत नाही.

नेमात किती बळ असतं याचा सर्वांत मोठा पुरावा रायगड जिल्ह्यातच आहे. खालापूरच्या पश्चिमेला, पेण-अलिबागकडच्या गावांत बेने इस्राएल हा यहुदी समाज शतकानुशतकं राहिला. पेणकर, रोहेकर, केहिमकर ही त्यांची आडनावं त्याच गावांची. हिब्रू ग्रंथ त्यांच्यापाशी उरले नव्हते, भाषा मराठी झाली होती, धंदा तेलाच्या घाण्याचा होता. पण शनिवारी घाणा थांबे. म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना नावच दिलं : शनिवार तेली. सुंता, काही उपवास, खाण्याचे निर्बंध आणि ‘शमा’ची प्रार्थना एवढ्यावर त्यांनी आपलं मूळ धरून ठेवलं. पोथी गेली, नेम राहिला, आणि नेमामुळे पुढे पोथीही परत ओळखता आली. ख्रिस्ती उपासनेचा जन्म याच यहुदी घरात झाला. ‘दिदाखे’ या पहिल्या काळातल्या छोट्या ग्रंथात बुधवारी आणि शुक्रवारी उपवास करावा, प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणावी, असं स्पष्ट सांगितलं आहे.

मराठी ख्रिस्ती माणसाला स्वतःचा नेम मिळाला तो मात्र वेदनेतून. गोव्यात पोर्तुगीज सत्तेने नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणं काढून घेतली. तो जुलूमच होता, त्याला दुसरा शब्द नाही. १६१६ साली रायतूरला छापलेल्या ख्रिस्तपुराणात थॉमस स्टीफन्स यांनी एक प्रसंग घातला आहे : जुनी पुराणं बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरी का देत नाही, असं एक श्रोता विचारतो. मला हा प्रश्न सगळ्या ग्रंथाचा गाभा वाटतो. त्या श्रोत्याला सिद्धान्त कमी पडत नव्हता. रोज कानावर पडणारी ओवी हरवली होती. स्टीफन्सनी दहा हजारांवर ओव्या रचल्या, आणि त्या देवळांत वाचल्या जाऊ लागल्या. पुढे १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला, आणि १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरला ठाणं घातलं. तिथल्या मंडळ्यांत १८६०च्या दशकात कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी त्याला अभंगाची जोड दिली. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते मानत.

यावर प्रॉटेस्टंट मंडळींचा आक्षेप खरा आहे आणि जड आहे : तारण कृपेने मिळतं, मग नेमधर्माने काय मिळवायचं? मला वाटतं, उत्तर शब्दाच्या दुसऱ्या अर्थातच आहे. नेम धरणारा लक्ष्य निर्माण करत नाही. ते समोर आधीच असतं. तो फक्त आपला हात स्थिर करतो. डोंगरावरच्या प्रवचनात येशू दिखाऊ उपवासाला कठोर शब्दांत नाकारतो, पण बोलतो ते ‘तुम्ही उपवास करता तेव्हा’ असं. ‘केलात तर’ असं नव्हे. पौल तर स्वतःला धावपटू आणि मुष्टियोद्धा म्हणवून घेतो, आणि आपले ठोसे हवेत जात नाहीत असं सांगतो. नेम कोरडा पडतो हेही नाकारता येणार नाही. लूकच्या शुभवर्तमानातला परुशी आठवड्यातून दोनदा उपवास करी. त्याचा नियम एकदाही मोडला नव्हता. प्रार्थनेत मात्र त्याचं लक्ष देवावरून सरकून मागे उभ्या असलेल्या जकातदारावर गेलं होतं. नेम पाळला, पण धरला भलतीकडे.

आणखी एक आक्षेप हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही बाजूंनी येतो, की ओवी, कीर्तन, अभंग ही उसनवारी आहे. पण मराठी ख्रिस्ती माणसाने ही माती दुसऱ्याच्या शेतातून आणलेली नाही. तो तिच्यातच उगवला. खरी उसनवारी, मला वाटतं, आजची आहे : एकट्याने वहीत खुणा करत साधायची ‘आध्यात्मिक प्रगती’, जिच्यात सगळं मोजमाप स्वतःचंच असतं. कोंढाण्याच्या ओळीत पहिला शब्द कण्हाचा आहे, दुसरा त्याच्याजवळ राहण्याचा. बलकाचं स्वतःचं नाव तिसरं येतं.