कालवा आला, पण पाणी कोणी घेतले?

कोरडवाहू शेताच्या बांधाशी कालवा आला, की शेतकरी लगेच पाणी घेणार, असे आपल्याला वाटते. बारामती-इंदापूरचा इतिहास मात्र वेगळे सांगतो.

१८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा खोदण्यात आला. १८८५ च्या सुमारास पाणी वाहू लागले. पण पाऊस बरा झाला, की पाण्याला फारसे गिऱ्हाईक नसे. पावसाने ओढ दिली, की तेवढ्यापुरती मागणी वाढे. हा अडाणीपणा होता का?

आपण हिशोब मांडून पाहू. ज्वारी-बाजरीला बियाणे घरचे, खर्च थोडा. पाणीपट्टी परवडायची तर ऊस हवा. ऊस म्हणजे वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ अडकलेले शेत. शिवाय बेणे, खत, मजुरी आणि गुऱ्हाळाचा खर्च. एवढा पैसा सावकाराशिवाय कुठला? आणि याच भागातल्या सुप्यात १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले होते. कर्जाचा चटका ताजा होता.

त्याच पाण्यात सासवडच्या माळी शेतकऱ्यांना संधी दिसली. विहिरीवरच्या बागायतीत त्यांचा हात बसलेला होता. ते इकडे आले, खंडाने जमिनी घेऊन ऊस करू लागले. शेजारच्या शेतातला ऊस रोज डोळ्यांसमोर वाढू लागल्यावर स्थानिक शेतकरीही हळूहळू त्याकडे वळले. पुढे १९५० च्या दशकात माळेगावला शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला.

सबुरी अगदीच अनाठायी नव्हती. कालव्याखालच्या जमिनी क्षारांनी बिघडू लागल्या. हॅरॉल्ड मान आणि तांहणे यांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातल्या अशा खारवट जमिनींवर अहवाल लिहिला.

परिसर आपल्याला काय करू देतो, याचा विचार जेम्स गिब्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मांडला. पायरी चढता येईल की नाही, हे पायरीच्या उंचीइतकेच चढणाऱ्याच्या पायांवरही ठरते. कालव्याचेही तसेच. पाणी सर्वांसाठी एकच होते. पण गाठीचा पैसा, अंगचे कसब, डोक्यावरचे कर्ज आणि शेजाऱ्याचा अनुभव यांनुसार त्याचा अर्थ बदलत होता.

वर्गात हे करून पाहता येईल. गावात पहिली विंधनविहीर, पहिले ठिबक कोणी घेतले? कोण थांबले? मुलांनी घरोघर जाऊन विचारावे. मात्र थांबलेल्यांना ‘मागासलेले’ म्हणण्याआधी त्यांचा हिशोब जरूर मांडावा.