पहिली शिकलेली आणि तिच्या मागच्या



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'सेवा' एवढाच शब्द कळवला होता. त्यांना वाटलं असावं, तत्त्वज्ञानाचा मास्तर आहे, कर्मयोगावर बोलेल. आणि तुळजापुरात सेवा म्हटलं की आईच्या देवळातली सेवाच डोळ्यांपुढे येते. आज आपण निराळ्या सेवेबद्दल बोलू. स्वतः जेमतेम शिकलेली, विशी-बाविशीतली मुलगी मागून येणाऱ्या मुलींना हाताला धरून वर घेते, वस्तीत शाळा काढते, वसतिगृह सांभाळते. या कामाचा एक इतिहास आहे. तो अमेरिकेतल्या काळ्या स्त्रियांनी घडवला आणि आपल्याकडच्या दलित स्त्रियांनीही घडवला. एकमेकींना न भेटता, हे विशेष.

काळे आणि दलित ही तुलना आपल्याला नवी नाही. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. दु बॉय यांना पत्र लिहिलं. तिकडच्या निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं वाचलं, त्याची प्रत हवी होती. आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली, तिचं नावच ब्लॅक पँथरवरून घेतलेलं. आमच्या पिढीनं ते दिवस पाहिले. कविता वाचल्या, जाहीरनाम्यावर रात्र-रात्र वाद घातले.

पण या देवघेवीत एक गोष्ट राहून गेली. ब्लॅक पँथर म्हटलं की आपल्याला काळं जाकीट आणि बंदूक आठवते. त्याच पक्षानं १९६९च्या जानेवारीत ऑकलंड शहरात मुलांना शाळेआधी फुकट न्याहारी द्यायला सुरुवात केली. उपाशी पोर धडा काय ऐकणार, एवढा साधा विचार. ही न्याहारी पहाटे उठून रांधायचं आणि वाढायचं काम मोठ्या प्रमाणात तरुण मुलींनी केलं. पुढे पक्षाची ऑकलंड कम्युनिटी स्कूल नावाची शाळा नावारूपाला आली. १९७३ ते १९८१ ती एरिका हगिन्स या बाईंनी चालवली. आपण तिकडून नाव आणलं, आवेश आणला; न्याहारी आणली नाही. पँथरच्या कवींबद्दल आम्हाला आदर आहे, तरीही हे म्हणायला हवं.

अर्थात, आणायची गरज नव्हती असंही कुणी म्हणेल. कारण ती परंपरा आपल्याकडे होतीच. फक्त तिच्याकडे कुणी इतिहास म्हणून पाहिलं नव्हतं.

सुरुवात मुक्ता साळवेपासून करू. मांग समाजातली, चौदा वर्षांची मुलगी, पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकणारी. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त १५ फेब्रुवारी आणि १ मार्च अशा दोन अंकांत छापून आला. आम्हाला धर्मच नाही काय, असा प्रश्न ती विचारते, म्हणून तत्त्वज्ञानाच्या लोकांना हा निबंध आवडतो. आम्हालाही आवडतो. पण त्यात आणखी दोन गोष्टी आहेत. बाळंत होणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्पर नसतं, हे ती लिहिते. पेशवाईवर टीका करणारे पुरुष तेव्हाही होते, परंतु बाळंतिणीच्या डोक्यावरचं छप्पर मोजणारा आम्हाला त्यात सापडत नाही. दुसरी गोष्ट शेवटाकडची. तिथं ती सरकारकडे किंवा ब्राह्मणांकडे बघत नाही, आपल्याच लोकांकडे वळते आणि शिका म्हणते. चौदा वर्षांची पोर नुकती कुठे अक्षरं गिरवून झाली आहे, आणि लगेच मागे वळून हाक मारते आहे. या वळण्याबद्दलच आज आम्ही बोलतो आहोत.

आता दोन बायका शेजारी-शेजारी ठेवून पाहा.

मेरी मॅक्लाउड बेथ्यून. १८७५ सालचा जन्म, आईबाप गुलामगिरीत जन्मलेले, सतरा भावंडांत पंधरावी. १९०४ साली फ्लोरिडातल्या डेटोना इथं तिनं काळ्या मुलींची शाळा काढली. हातात दीड डॉलर, वर्गात पाच मुली आणि स्वतःचा लहान मुलगा. जळक्या लाकडाच्या पेन्सिली, रानफळांच्या रसाची शाई. रताळ्याचे गोड पदार्थ विकून शाळेचा खर्च काढायचा. त्याच शाळेचं आज विद्यापीठ झालं आहे.

जाईबाई चौधरी. १८९२ सालचा जन्म, नागपूरजवळचं उमरेड, महार समाज. नागपूर-कामठी भागात त्यांनी डोक्यावर ओझी वाहिली, हमालीच म्हणा. ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंनी त्यांच्यातली हुशारी हेरून शाळेत शिकवायचं काम दिलं. पालकांना कळलं की शिकवणारी महाराची आहे, तेव्हा तक्रारी झाल्या आणि नोकरी गेली. अशा वेळी माणूस काय करील? पुन्हा ओझी उचलील. जाईबाईंनी १९२२ साली नागपुरात मुलींसाठी शाळा काढली. नाव ठेवलं संत चोखामेळ्याचं. ज्याला देवळाच्या पायरीवर थांबवलं त्याचं नाव मुलींच्या शाळेला देण्यात काय औचित्य आहे, ते पायऱ्या उतरून दर्शनाला जाणाऱ्या तुळजापूरकरांना समजावून सांगायला नको.

दोघींत फरकही आहेत, ते झाकायचं कारण नाही. बेथ्यूनबाईंना पुढे मोठे धनिक देणगीदार मिळाले, अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या कारभारात पद मिळालं. जाईबाईंचं नाव नागपूरबाहेर किती जणांना ठाऊक आहे? या सभागृहातच हात वर करायला सांगितलं तर... नको, राहू द्या.

आता तरुण मुलींकडे येऊ. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात १९०८ साली काळ्या विद्यार्थिनींची पहिली संघटना निघाली आणि १९१३च्या जानेवारीत बावीस मुलींनी डेल्टा सिग्मा थीटा ही दुसरी स्थापन केली. नावं ग्रीक आहेत. तिकडची तशी पद्धत. आधी शिकलेल्यांनी मागच्यांना शिकवायचं, वस्तीत काम करायचं, हे त्यांचं सूत्र आणि ते आजही चालू आहे. स्थापनेला दोन महिने झाले नव्हते तोच, ३ मार्च १९१३ रोजी वॉशिंग्टनमध्ये बायकांच्या मताधिकारासाठी मोठा मोर्चा निघाला. या मुली त्यात गेल्या. दक्षिणेतल्या गोऱ्या बायका नाराज होतील म्हणून काळ्या बायकांनी सगळ्यांत मागे चालावं, अशी भाषा संयोजकांनी केली होती. शिकागोच्या आयडा वेल्स यांनी ते ऐकलं नाही. आपल्या राज्याची तुकडी आली तशी त्या मधूनच आत शिरल्या.

हे वाचताना आम्हाला १९३७चं नागपूर आठवतं. अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन तिथं भरलं होतं. जाईबाई गेल्या होत्या, आणि जेवणाच्या वेळी त्यांना वेगळं बसवण्यात आलं. सुधारलेल्या, शिकलेल्या बायकांची परिषद बरं का! नागपूरच्या दलित स्त्रियांनी निषेधाची सभा घेतली. आणि २० जुलै १९४२ रोजी त्याच नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. बाबासाहेब समोर. बायकांनी घटस्फोटाचा हक्क मागितला, बहुपत्नीत्व बंद करा म्हणाल्या, गिरणीतल्या कामकरी बायकांना रजा मागितली. हिंदू कोड बिलाचा गदारोळ व्हायला अजून काही वर्षं होती. स्वतंत्र पंगतीचा अपमान ते स्वतंत्र परिषद, हे अंतर या बायकांनी पाच वर्षांत कापलं.

हे सगळं आपल्याला कळतं कसं? उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी हिंडून, चळवळीतल्या म्हाताऱ्या बायकांना भेटून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक केलं, १९८९ साली. त्याआधी या बायका कुठल्या पुस्तकात असल्याच तर फोटोतल्या गर्दीत होत्या. शांताबाई दाणी यांचं 'रात्रंदिन आम्हा' हे आत्मकथनही त्याच सुमारास आलं. नाशिकच्या गरीब घरातली मुलगी, पदवीपर्यंत शिकली, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचं काम करत गावोगाव फिरली आणि पुढे मुलींच्या शिक्षणाच्या कामात राहिली.

आता थोडं तत्त्वज्ञान, कारण त्याशिवाय आम्हाला मानधन पचणार नाही. आपल्या परंपरेत ऋषिऋण नावाची कल्पना आहे. ज्ञान घेतलंस, ते पुढे दे, म्हणजे ऋण फिटलं. सुंदर कल्पना आहे. पण हे ऋण होतं कुणावर? ज्यांना वेद ऐकायचा अधिकार होता त्यांच्यावर. मुक्ता साळवेच्या पूर्वजांना ऋषींनी काहीच दिलेलं नव्हतं, तेव्हा तिच्यावर ऋण कसलं? तरी फेडलं ते या मुलींनी. कर्ज न घेतलेल्या माणसानं हप्ता भरावा तसं. बाबासाहेबांचे कोलंबियातले गुरू जॉन ड्यूई लोकशाहीला राज्यकारभाराची पद्धत एवढंच मानत नसत. एकत्र जगण्याची, एकमेकांचे अनुभव वाटून घेण्याची ती रीत, असं त्यांचं म्हणणं. त्या अर्थानं वस्तीतल्या कंदिलाखालचा वर्ग ही लोकशाहीच म्हटली पाहिजे.

पण सेवा हा शब्द इतका निरागस नाही. आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. कसबे तडवळे इथं २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी महार-मांग वतनदार परिषद झाली. बाबासाहेब आले होते. निजामाचं राज्य भोवती असताना झालेली ही परिषद धाराशिवकरांनी अजून आठवणीत ठेवली आहे. वतन म्हणजे काय होतं? गावाची सेवाच. सांगावे पोचवायचे, मेलेली गुरं ओढायची, सरकारी माणसाच्या घोड्यापुढे पळायचं, आणि मोबदला तुटपुंजा किंवा शून्य. गोड शब्दात सेवा, खऱ्या अर्थानं वेठ. तिकडे काळ्या बायकांचंही तेच. गुलामगिरी संपली तरी गोऱ्यांच्या घरची धुणीभांडी आणि पोरं सांभाळणं हीच त्यांच्यातल्या बहुतेकींची नोकरी राहिली. तिलाही इंग्रजीत सेवाच म्हणतात.

म्हणून त्याच वस्तीतली मुलगी संध्याकाळी स्वखुशीनं पोरांना गोळा करते तेव्हा शब्द तोच राहून अर्थ उलटा होतो. काम ती निवडते, कुणासाठी करायचं ते ती ठरवते. आणि नको वाटलं तर सोडूही शकते. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. सोडायची मुभा नसली की पुन्हा वतन झालंच.

इथं आपल्या भागाबद्दल बोललं पाहिजे. मराठवाड्यात उच्च शिक्षणाचं दार उशिरा उघडलं. औरंगाबादचं मिलिंद महाविद्यालय १९५० सालचं. त्यानंतर नामांतराचा लढा, १९७८ची जाळपोळ, १९९४चा नामविस्तार. त्या सोळा वर्षांत शिकलेल्या मुलींच्या पिढीनं कॉलेज आणि मोर्चा एकाच वेळी केलं. मग ३० सप्टेंबर १९९३चा भूकंप. लातूर आणि आपल्या जिल्ह्यातली गावं पडली. घरदुरुस्तीच्या कामात गावोगावी बायकांना संवाद सहायक म्हणून नेमलं गेलं, आणि सिमेंट किती, सळई किती, अनुदानाचा हप्ता कुठे अडला हे गावाला समजावून सांगणारी बाई लोकांनी पहिल्यांदा पाहिली. आपल्याच तालुक्यात अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. क्रांती रायमाने यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावातल्या साध्या बायकांना शिकवून 'भारतवैद्य' केलं. तुळजापुरात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं केंद्र १९८६ पासून आहे. घरातल्या पहिल्याच पदवीधर ठरणाऱ्या मुली तिथून आसपासच्या गावांत कामाला जाताना तुम्ही रोज बघता. त्यांच्या पाठीवरच्या पिशवीकडे आपलं लक्ष जातं, त्या कुणाच्या मागून आल्या ते आपण विचारत नाही.

आमच्या वर्गातही अशा मुली असायच्या. वसतिगृहातून येणाऱ्या. परीक्षेचा फॉर्म आपला भरला की दुसरीचा भरायला बसायच्या. शिष्यवृत्तीचे कागद, जातपडताळणी, तहसीलला कुठल्या खिडकीवर जायचं, हे कुठल्याच अभ्यासक्रमात नसतं. ते मोठी मुलगी धाकटीला सांगते. आम्ही प्लेटोची गुहा शिकवत होतो; गुहेतून बाहेर गेलेला माणूस पुन्हा आत येतो तेव्हा लोक त्याला हसतात, असं प्लेटो सांगतो. या मुली परत आत जात होत्या आणि हसणं वगैरे सोडा, जाताना फॉर्मचे कोरे नमुने घेऊन जात होत्या.

मात्र आमची एक तक्रार आहे, ती समाजाबद्दल. ऊसतोडीला आईबाप गेले की पोरांची शाळा सुटते. त्यासाठी हंगामी वसतिगृह हवं, वेळेवर शिष्यवृत्ती हवी, पगारी शिक्षक हवा. हे काम सरकारचं आहे. ते होत नाही, म्हणून एकोणीस वर्षांच्या मुलीला हार घालायचा, 'सावित्रीची लेक' म्हणायचं, ३ जानेवारीला व्यासपीठावर बसवायचं आणि उरलेलं वर्षभर तिच्यावर सोडून द्यायचं, हा प्रकार बरा नव्हे. आशाताईंना आपण वेतन देत नाही, मानधन देतो. आणि तेवढ्याचसाठी त्यांना संपावर बसावं लागतं. जुन्या वतनाचा कायदा १९५८ साली गेला. नवं वतन बायकांच्या नावावर चढवायला कायदा लागत नाही.

एक काम मात्र आपल्या हातात आहे, आणि त्यासाठीच आम्ही धाराशिवहून एसटीनं इथवर आलो. आपल्या वस्तीत, आपल्या गावात पहिली शिकलेली मुलगी कोण होती? तिनं कुणाला शिकवलं? मून आणि पवार यांना ज्या बायका भेटल्या त्या बहुतेक नागपूर-मुंबईकडच्या. आपल्या बालाघाटातल्या बायकांकडे तसं कुणी गेलेलं आम्हाला दिसत नाही. १९५०-६०च्या दशकात पाटी धरलेल्या त्या मुली आता सत्तरी-ऐंशीत आहेत, म्हणजे आमच्याच वयाच्या. कॉलेजच्या मुलींनी वही घेऊन त्यांच्याकडे जावं, नाव, साल, शाळा आणि त्यांनी पुढे शिकवलेल्यांची नावं उतरवून घ्यावीत. पावसाळ्याआधी सुरू केलं तर बरं. काहींची तब्येत ठीक नसते.

प्रश्न असतील तर आता घेऊ. पहिला प्रश्न मागच्या रांगेतल्या मुलींकडून यावा.