व्हॅन ब्यूरनचे सोन्याचे चमचे

अमेरिकेचे आठवे राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरन यांची एक गोष्ट मी कित्येक वर्षे व्याख्यानांत सांगत आलो. १८३७ पासून देश मंदीत होरपळत होता आणि हे गृहस्थ व्हाइट हाउसमध्ये सोन्याच्या चमच्यांनी जेवत होते, असे म्हटले की श्रोते हसत आणि मलाही बरे वाटे. मी इतिहासाचा पदवीधर नाही. नोकरी सांभाळून, हाती येईल ते वाचून शिकलेला माणूस. ही गोष्ट आली कुठून, हे तपासायला मला फार उशीर झाला.

ती आली चार्ल्स ओगल यांच्या भाषणातून. हे पेनसिल्व्हेनियाचे प्रतिनिधी, विरोधी व्हिग पक्षाचे. एप्रिल १८४० मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या निवासाची डागडुजी आणि बाग यांसाठी ३,६६५ डॉलरची मागणी सभागृहापुढे आली. तीत झाडेझुडपे आणि खतसुद्धा होते. एवढ्याशा रकमेवर ओगल तीन दिवस बोलले! आरसे, गालिचे, झुंबरे, जेवणानंतर बोटे बुडवायची हिरवी काचपात्रे, काही सुटले नाही. बागेतल्या मातीच्या उंचवट्यांना त्यांनी स्त्रीच्या वक्षस्थळाची उपमा दिली. ते वर्ष निवडणुकीचे. भाषणाच्या पुस्तिका छापून गावोगाव वाटल्या गेल्या.

आता ते चमचे. ते होते चांदीचे, वर सोन्याचा मुलामा, आणि मन्रो अध्यक्ष असताना फ्रान्सहून आलेले. म्हणजे व्हॅन ब्यूरन यांच्या आधी वीसएक वर्षे ते त्या घरात होतेच.

व्हिगांचे उमेदवार विल्यम हेन्री हॅरिसन. त्यांना लाकडी ओंडक्यांच्या झोपडीत राहणारा, सफरचंदाची दारू पिणारा साधा शेतकरी म्हणून उभे केले गेले. मिरवणुकांत चाकांवर झोपड्या ओढत नेत. प्रत्यक्षात हॅरिसन जन्मले व्हर्जिनियातल्या बर्कली या मोठ्या मळ्यावरच्या वाड्यात. वडील स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे. व्हॅन ब्यूरन मात्र किंडरहूक गावच्या खानावळवाल्याचे चिरंजीव. झोपडी कोणाला शोभली असती, हे वाचकांनीच ठरवावे.

व्हॅन ब्यूरन यांच्या पक्षाला तरी तक्रार करायला तोंड कुठे होते? १८२५ मध्ये जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी एक जुने, वापरलेले बिलियर्ड टेबल घेतले. ते त्यांच्या मुलाने चुकून सरकारी खर्चाच्या यादीत लिहिले. सरकारचा पैसा त्यात गेलाच नव्हता. तरी जॅक्सनच्या माणसांनी राष्ट्राध्यक्षांच्या घरी जुगाराचा अड्डा झाल्याचा गवगवा केला. १८२८ ची निवडणूक जॅक्सन जिंकले आणि पुढच्याच वर्षी पूर्वेकडचे मोठे दालन सजवले गेले: तीन भव्य झुंबरे आणि वीस पिकदाण्या! त्यावर तीच माणसे गप्प. ओगल बोलत होते त्या काळात अ‍ॅडम्स त्याच सभागृहाचे सदस्य होते, आणि ओगल यांच्याच बाजूला.

या सगळ्यात मला एकच माणूस वेगळा दिसला. मॅसॅच्युसेट्सचे लेव्ही लिंकन, हेही व्हिगच. सरकारी इमारतींची समिती त्यांच्याकडे होती, त्यामुळे हिशेब त्यांना ठाऊक होता. निवडणुकीच्या ऐन वर्षात ते उभे राहिले आणि स्वपक्षाच्या ओगलना खोडून काढले: व्हॅन ब्यूरन यांनी या घरावर आधीच्यांपेक्षा कमी खर्च केला आहे.

उपयोग झाला नाही. हॅरिसन २३४ विरुद्ध ६० मतांनी जिंकले. पदग्रहणानंतर महिनाभरातच, ४ एप्रिल १८४१ ला, ते वारले. मे महिन्यात ओगलही गेले. ओगल यांचे भाषण मला एका संध्याकाळी सापडले होते. लिंकन यांचे उत्तर गाठायला तीन महिने लागले.

मागच्या पावसाळ्यात एका वाचनालयात पुन्हा बोलायचा योग आला. चमच्यांची गोष्ट सांगितली, पण या वेळी सुरुवात लेव्ही लिंकनपासून केली. आधी हीच गोष्ट मी चुकीची सांगत होतो, हेही सांगून टाकले. हशा फारसा पिकला नाही. मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी मात्र लिंकनचे नाव पुन्हा विचारून वहीत लिहून घेतले.