अंगणातील हौद

पाण्याचा इतिहास म्हणजे नद्यांचा आणि धरणांचा इतिहास, अशी आपली समजूत असते. आज मात्र एका लहानशा वस्तूचा इतिहास सांगावयाचा आहे. ती वस्तू म्हणजे घराच्या अंगणात खोदलेला हौद. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे चढतो. अशा मुलखात बंगला बांधावयास निघालेल्या गृहस्थाला मागील अंगणात पोहण्याचा तलाव असावा असे वाटले, तर त्यात अस्वाभाविक काही नाही. प्रश्न हौसेचा नाही, हिशेबाचा आहे. आणि हा हिशेब आपल्या आधी पुष्कळांनी मांडून ठेवला आहे.

मोहेंजोदडो येथील महास्नानगृह साडेचार हजार वर्षांपूर्वीचे. लांबी सुमारे १२ मीटर, रुंदी ७ आणि खोली २.४ मीटर, म्हणजे काठोकाठ भरल्यास दोन लाख लिटर पाणी. विटांचे सांधे जिप्समने लिंपलेले, त्यामागे डांबराचा थर, भरण्यासाठी शेजारी विहीर आणि रिकामे करण्यासाठी मोठे गटार. खड्डा खोदणे हे सर्वांत सोपे काम आहे. पाणी आणावे कोठून, ते मुरू द्यावयाचे नाही कसे आणि मळले म्हणजे सोडावे कोठे, या तीन प्रश्नांवरच खरा खर्च होतो, हे त्या कारागिरांनी ओळखले होते.

आता हेच तीन प्रश्न आपल्या वऱ्हाडच्या भूमीला विचारून पाहू. आपली काळी कपाशीची जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात हौद नुसता बसवला, तर भिंतींना तडे गेल्यावाचून राहत नाहीत. म्हणून काळी माती काढून मुरूम भरणे, सळईचे काँक्रीट घालणे आणि गळतीविरुद्ध थर देणे हा पहिला खर्च. पूर्णेच्या दोन्ही काठांनी खारपाण पट्टा पसरलेला आहे. तेथील भूगर्भातले पाणी खारट. ते पिकाला मानवत नाही आणि काँक्रीटमधील लोखंडालाही खाते. त्यामुळे तेथे घरची विहीर उपयोगी पडत नाही आणि दृष्टी वळते ती नळाकडे. अकोल्याच्या नळाचे पाणी महानच्या काटेपूर्णा धरणाचे, अमरावतीचे ऊर्ध्व वर्धेचे. दोन्ही धरणे पावसाच्या कृपेवर भरतात.

१० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावास ७५ हजार लिटर पाणी लागते. शहरात दरडोई दररोज १३५ लिटर पाणी मिळावे, असे प्रमाण ठरलेले आहे. त्या मापाने पाच माणसांच्या कुटुंबाचे हे १११ दिवसांचे पाणी झाले. उन्हाळ्यात रोज एक सेंटीमीटर पाणी उडते असे धरले, तरी दिवसाला ५०० लिटर आकाशात जातात. जवळजवळ चार माणसांचा वाटा! याशिवाय गाळणयंत्र, पंप, वीज आणि क्लोरीन हा खर्च बारमाही. बांधकामाचा आकडा एकदाच डोळ्यांत भरतो. हा दुसरा आकडा दर महिन्याला दारात उभा राहतो.

मागच्या पिढ्या पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहावयास शिकल्या. त्या पोहण्याला खर्च नव्हता, कारण तेच पाणी मोटेने पुढे मळ्याला जात असे.

पण इतिहासाच्या वहीत आणखी एक रकाना आहे: हौद कोणासाठी? १८६८ साली पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. त्यासाठी एक वीटही नवी लागली नाही. मोजावी लागली ती किंमत समाजाच्या रोषाची. २० मार्च १९२७ रोजी महाडचे चवदार तळे हजारोंना अशाच हक्कासाठी चालून जावे लागले. वऱ्हाडात डॉ. पंजाबराव देशमुख यांनी जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष असताना सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करविल्या. आणि गाडगेबाबांनी पूर्णेच्या काठी ऋणमोचनला घाट बांधला, तो स्नानाला येणारी माणसे चिखलात रुतू नयेत म्हणून. एका अंगणात सामावणारी सोय त्यांनी यात्रेला दिली.

अमरावतीतच दुसरे उदाहरण आहे. अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी १९१४ साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले. तेथे पोहण्याचा तलावही आहे. शेकडो मुले एकाच पाण्यात हातपाय मारतात, तेव्हा गाळणयंत्राचा, राखणदाराचा आणि उडून जाणाऱ्या पाण्याचा खर्च प्रत्येकाच्या वाट्याला अगदी थोडा येतो. दोन माणसांनी आठवड्यातून दोनदा वापरलेल्या तलावालाही तेवढेच ऊन लागते.

तेव्हा ज्यांना अंगणात तलाव हवाच असेल, त्यांनी हिशेब उलट्या बाजूने मांडावा. प्रथम पाणी, मग देखभाल, मग माती आणि शेवटी लांबी-रुंदी. छपरावरचे पावसाचे पाणी साठविता येते का, उन्हाळ्यात तलाव झाकता येतो का, बदललेले पाणी झाडांना मानवेल का, हे आधी पाहावे. एवढे करूनही बेरीज जुळत नसेल, तर चार शेजाऱ्यांना बोलवावे आणि एकच हौद समाईक बांधावा. खर्च वाटला जाईल आणि वऱ्हाडच्या उन्हात पोहावयास शिकणारी मुले मात्र चौपट होतील.