ठशांतील श्रम आणि सावली

अंधेरी म्हटलें कीं चित्रपट आणि कारखाने आठवतात. परंतु चित्तप्रसाद भट्टाचार्य या चित्रकाराच्या आयुष्याचीं सुमारें तीस वर्षें याच उपनगरांत गेलीं. १९१५ सालीं बंगालमध्यें जन्मलेले चित्तप्रसाद १९४६ च्या सुमारास मुंबईंत स्थायिक झाले, आणि लिनोलियमच्या तुकड्यांवर त्यांनीं कष्टकऱ्यांचीं चित्रें कोरलीं. या कलेचें मूळ युरोपांत सोळाव्या शतकाच्याही आधींच्या लांकडी ठशांपर्यंत जातें.

ठशाची रीत सोपी. जेथें पांढरें हवें तेथें कोरून काढावयाचें. जें उरतें त्यास शाई लागते. म्हणजे काळी रेषा ही ओढलेली नसून राखलेली असते. सावलीसाठीं सलग काळें राखावें तर तपशील बुडतो, म्हणून समांतर रेषा दाट राखून ती दाखवीत.

या रीतीनें उद्योगाचें चित्रण करणारा मोठा ग्रंथ म्हणजे गेओर्ग आग्रिकोला या जर्मन वैद्याचा खाणकामावरील 'दे रे मेटालिका'. तो १५५६ सालीं बाझल येथें निघाला. ग्रंथकर्ता आदल्याच वर्षीं वारला होता. नुसत्या शब्दांनीं यंत्रें कळणार नाहींत, या शंकेनें त्यानें चित्रकारांस पैसे देऊन चित्रें काढवून घेतलीं. त्यांत डोंगराचें पोट उघडून दाखविलें आहे, चाकांना व पंपांना अक्षरें दिलीं आहेत, आणि सावली येते ती ओंडक्याचा गोलवा किंवा विवराची खोली सांगण्यापुरती. शिडीनें, दोरानें, कातड्यावर घसरत खाणींत उतरणारीं माणसें आहेत. खनिज निवडणाऱ्या बायका आहेत. पण जमिनीच्या पोटांतही त्यांच्यावर लख्ख ऊन पडलेलें! खरा अंधार दाखविला असता तर यंत्र दिसलें नसतें, आणि वाचकास यंत्रच पाहावयाचें होतें. श्रमाचा भार कळतो तो वांकलेल्या पाठीच्या कडेवरून.

१५६८ सालीं योस्ट अम्मान याची व्यवसायांची चित्रमाला निघाली. तींत एक गंमत आहे. शिंपी, लोहार यांच्या जोडीला ठसा कोरणारा कारागीरही बसला आहे. चित्र काढणारा निराळा, कोरणारा निराळा अशी तेव्हां वाटणी असे, व कोरणाऱ्याचें नांव बहुधा कोणी छापीत नसे.

चित्तप्रसादांकडे ही वाटणी उरली नाहीं, आणि काळोखाविषयींचा संकोचही उरला नाहीं. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावरील त्यांचें सचित्र पुस्तक ब्रिटिश सरकारनें जप्त केलें होतें. तेथील काम काळ्या शाईच्या रेषेचें. ठशांत मात्र काळी भूमि आधीं येते, आणि पांढऱ्या रेषेनें तींतून मनगट, बरगडी, कपाळावरची आठी उकलते. लिनोलियम स्वस्त; लांकडासारखा त्यास रेषाळ तंतू नाहीं, त्यामुळें हत्यार कोणत्याही दिशेस वळतें. मोलमजुरी करणाऱ्या मुलांची त्यांची मालिका युनिसेफच्या डॅनिश समितीनें १९६९ सालीं प्रसिद्ध केली. आग्रिकोलानें जें मोठेपण चाकाला दिलें तें येथें चेहऱ्याला आहे, आणि सावली त्या चेहऱ्याच्या निम्म्या भागावर ठाण मांडून असते.

आयुष्याच्या अखेरीस चित्तप्रसाद अंधेरी सोडून कलकत्त्यास गेले. १९७८ सालीं तेथेंच ते वारले.