भोंगा थांबला, घंटा राहिली

१९८७ साली पुण्याहून वेगळ्या झालेल्या नाशिक धर्मप्रांतात आपला नंदुरबार प्रदेश व श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव ही दोन्ही येतात. म्हणून त्या भगिनीमंदिराची हकीकत ज्युबिलीप्रसंगी स्मरणीय होय. हरेगावी बेलापूर कंपनीचा साखर कारखाना होता. त्याच गावच्या संत तेरेजा मंदिरात १९४९ साली मतमाउलीची यात्रा सुरू झाली. पुढे कारखान्याचा भोंगा कायमचा थांबला. परंतु दर सप्टेंबरात, मरियामातेच्या जन्मोत्सवाच्या सुमारास, भाविक तेथे लोटतातच.

आपल्याकडील कित्येक कुटुंबे हिवाळ्यात ऊसतोडीस गुजरातेत जातात व रविवारी बाके रिकामी पडतात. तरी भिऊ नका. त्यांच्या कोपीत सायंप्रार्थना चालू आहे तोवर आपले मंदिर ओस नाही. ती लेकरांस शिकवा.