वरठीहून विद्यापीठापर्यंत

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यांत वरठी नांवाचें एक गांव आहे. मुंबईहून नागपूरमार्गें हावड्यास जाणाऱ्या गाडीनें ज्यांनीं प्रवास केला असेल, त्यांची गाडी या गांवावरून गेलेली आहे. परंतु वरठी हें नांव त्यांच्या स्मरणांत असण्याचा संभव थोडा. कारण येथील स्टेशनाचें नांव 'भंडारा रोड' असें आहे. भंडारा शहर येथून दहा-बारा किलोमीटरांवर आहे. नागपूरहून छत्तीसगडाकडे जाणारा लोहमार्ग प्रथम अरुंद होता. इ. स. १८८७ मध्यें स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीनें तो रुंद केला व पुढें कलकत्त्याच्या बाजूस नेला. परंतु हा मुख्य मार्ग भंडारा शहरांत शिरला नाहीं. शहराकडे जाणारा रस्ता जेथें मिळतो तेथें गाडी थांबली, आणि उरलेलें अंतर ज्याचें त्यानें तोडावें असें ठरलें.

आपल्याकडील उच्च शिक्षणाची गोष्ट याहून फारशी निराळी नाहीं. विद्या गांवाच्या जवळपास येते, पण दाराशीं येत नाहीं. मधलें अंतर विद्यार्थ्यानें कसें तोडावें, हाच गेल्या दीडशें वर्षांतील प्रश्न आहे. आज विद्यापीठांतील विद्यार्थी व अध्यापक मोबाइलच्या व संगणकाच्या पडद्यावर एकमेकांस भेटतात. ही ऑनलाइन शिक्षणाची सोय कालपरवां आकाशांतून पडली, असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाहीं. तिच्या मागें एक लांब परंपरा आहे, आणि ती परंपरा समजून घेतल्यावांचून तिचे गुणदोषहि नीट समजणार नाहींत.

मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें. नागपूर विद्यापीठ ४ ऑगस्ट १९२३ रोजीं निघालें, आणि सर बिपिन कृष्ण बोस हे त्याचे पहिले कुलगुरु झाले. वरठी-भंडाऱ्याच्या मुलास पदवी हवी असेल तर नागपुराकडे तोंड करावयाचें, असा त्यानंतरचा क्रम पडला. नागपूर येथून सुमारें साठ किलोमीटर. आज हें अंतर कांहींच नव्हे असें वाटेल. परंतु ज्या घरीं धानाच्या रोवणीच्या वेळीं हात कमी पडतात, त्या घरच्या मुलास खोलीचें भाडें, खाणावळीचा खर्च व तीन-चार वर्षांचा काळ या तिन्ही गोष्टी त्या साठ किलोमीटरांत मिळवाव्या लागतात.

ज्याला विद्यापीठांत येऊन राहणें शक्य नाहीं, त्याची कांहीं सोय करावी, हा विचार जुनाच आहे. लंडन विद्यापीठानें १८५८ सालीं कोणत्याहि महाविद्यालयांत न शिकलेल्या उमेदवारांस आपल्या परीक्षा मोकळ्या केल्या. हें पाऊल मोठें होतें. परंतु त्यांत एक उणीव होती. परीक्षा सर्वांना खुली झाली, शिक्षण मात्र झालें नाहीं. उमेदवारानें काय वाचावें हें त्याला कळे. वाचलेलें न समजल्यास कोणाला विचारावें, हें कळत नसे.

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न टपालानें केला. भारतांत दिल्ली विद्यापीठानें १९६२ सालीं पत्रद्वारा शिक्षण सुरू केलें व मुंबई विद्यापीठानें १९७१ मध्यें तोच मार्ग धरला. छापील पाठ घरीं येऊं लागले, विद्यार्थी प्रश्नांचीं उत्तरें लिहून पाठवूं लागला, आणि तपासलेल्या वह्या त्याच्याकडे परत येऊं लागल्या. येथें आपण एका गोष्टीकडे लक्ष द्यावें. पाठ जाण्याची वाट आणि विद्यार्थ्याचा प्रश्न परत येण्याची वाट, अशा दोन वाटा टपालांत होत्या. दुसरी वाट संथ होती. उत्तर येईपर्यंत पुष्कळदां विद्यार्थी आपला प्रश्नच विसरून जाई. तरीहि ती होती.

त्यापूर्वींच ध्वनिक्षेपणाचें युग आलें होतें. बी. बी. सी. नें १९२४ सालीं शाळांसाठीं कार्यक्रम चालू केले. आपल्याकडे आकाशवाणीचें नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजीं सुरू झालें, आणि विदर्भांतील खेड्यापाड्यांतून विद्वानांचा आवाज ऐकूं येऊं लागला. पुढें चित्रवाणी आली. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्षभर उपग्रहाच्या साहाय्यानें देशांतील सहा राज्यांच्या सुमारें २४०० खेड्यांत शिक्षणाचे कार्यक्रम दाखविण्यांत आले. १५ ऑगस्ट १९८४ रोजीं विद्यापीठ अनुदान आयोगानें महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीं दूरदर्शनवर देशव्यापी वर्ग सुरू केला, आणि २० सप्टेंबर २००४ रोजीं केवळ शिक्षणाकरितां 'एज्युसॅट' हा उपग्रह सोडण्यांत आला. या साधनांचा वेग टपालाच्या शतपट होता. परंतु रेडिओ काय किंवा चित्रवाणी काय, सामान्यतः एका बाजूनेंच बोलते. ऐकणाऱ्यास शंका आली, तर ती त्याच्यापाशींच राहते. टपालापाशीं जी परतीची वाट होती, ती या वेगवान साधनांनीं बहुतांशीं गमावली.

बहुतांशीं असें म्हणावयाचें कारण असें कीं, एके ठिकाणीं ती गमावली गेली नव्हती. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागीं ॲलिस स्प्रिंग्ज येथें १९५१ सालीं रेडिओवरील एक शाळा निघाली. ओसाड प्रदेशांत शेंकडों किलोमीटर पसरलेल्या पशुपालकांच्या वस्त्यांवर त्या देशाच्या फ्लाइंग डॉक्टर सेवेचे बिनतारी संच होते. वैद्यास बोलाविण्यासाठीं ते असल्यामुळें त्यांवरून ऐकतांहि येई व बोलतांहि येई. त्याच संचांवर मुलांचे वर्ग भरूं लागले, आणि घरीं बसलेलें मूल शिक्षकाला प्रश्न विचारूं लागलें.

ही दूरदेशींची हकीकत सांगण्याचें कारण थोडक्यांत सांगतों. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटांत अशाच रेडिओ-शाळेंत शिकलेला मार्टिन डूगियामास नांवाचा एक मुलगा मोठेपणीं पर्थ येथील कर्टिन विद्यापीठांत संगणकाचें काम करूं लागला. त्यानें २००२ सालीं 'मूडल' ही संगणकप्रणाली प्रसिद्ध केली व ती कोणालाहि विनामूल्य वापरण्यास मोकळी ठेवली. पाठ ठेवणें, स्वाध्याय मागविणें, ते तपासून परत देणें, आणि शिक्षक व विद्यार्थी यांनीं लेखी चर्चा करणें, या सर्वांची सोय त्या एकाच जागीं झाली. जगांतील असंख्य विद्यापीठांनीं ती स्वीकारली, आणि भारतांतील अनेक महाविद्यालयें ती आजहि वापरतात. तेव्हां ऑनलाइन वर्गाच्या वंशावळींत दुतर्फा बोलणारा रेडिओ हा एक पूर्वज आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आतां महाराष्ट्राकडे वळूं. १ जुलै १९८९ रोजीं नाशिक येथें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालें. डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरु. 'ज्ञानगंगा घरोघरी' हें ब्रीद या विद्यापीठानें घेतलें. बारावी न झालेल्या मनुष्यासहि पूर्वतयारीचा अभ्यासक्रम पुरा करून पदवीच्या मार्गाला लागतां येईल, अशी व्यवस्था त्यानें केली. गांवोगांवच्या महाविद्यालयांतून अभ्यासकेंद्रें उघडलीं आणि नागपुरास आपलें विभागीय केंद्र ठेवलें. त्याच सुमारास वरठीस सनफ्लॅग कंपनीचा पोलाद कारखाना उभा राहिला. स्टेशनाच्या गांवाचें कारखान्याचें गांव झालें. पाळीवर जाणारा कामगार सकाळच्या तासाला बसूं शकत नाहीं, हें सांगावयास नको. अशा मनुष्यासाठीं, संसारांत पडून शिक्षण अर्धवट राहिलेल्या स्त्रीसाठीं आणि शेतीवर राबणाऱ्या तरुणासाठीं मुक्त विद्यापीठ ही केवळ सोय नव्हे, तर कित्येकदां एकच वाट असते.

मुक्त विद्यापीठाची पुस्तकें आपल्या भाषेंत, स्वतः वाचून समजावीं अशा रीतीनें लिहिलेलीं असत. आणि अभ्यासकेंद्रावर सुटीच्या दिवशीं प्रत्यक्ष शिक्षक भेटे. पुस्तकानें जें सांगितलें नाहीं तें विचारण्यास एक माणूस ठेवला होता. ही योजना साधी होती, पण तिच्यांत शहाणपण होतें.

इंटरनेटमुळें दोन्ही वाटा एकदम रुंद झाल्या. आय. आय. टी. संस्था व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनीं २००३ पासून 'एनपीटेल' या नांवानें आपल्या अध्यापकांचीं व्याख्यानें सर्वांस मोकळीं करण्यास आरंभ केला. ९ जुलै २०१७ रोजीं केंद्र सरकारचें 'स्वयम्' सुरू झालें. त्याच्या प्रत्येक अभ्यासक्रमाचीं चार अंगें ठरविलीं आहेत: दृश्य व्याख्यान, वाचनसाहित्य, स्वतःची परीक्षा घेण्याचीं साधनें, आणि शंकांच्या चर्चेची जागा. अशा अभ्यासक्रमांतून मिळविलेले गुणांक विद्यार्थ्याच्या पदवींत धरण्यास विद्यापीठांना परवानगी मिळाली. आरंभीं त्यांची मर्यादा शेंकडा वीस होती, ती २०२१ सालीं शेंकडा चाळीस झाली. म्हणजे भंडाऱ्याच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यास मद्रासच्या आय. आय. टी. तील अध्यापकाकडे शिकून तें आपल्या पदवींत मोजून घेणें नियमानें शक्य झालें.

आणि मग २०२० चा मार्च महिना आला. महामारीमुळें महाविद्यालयें बंद पडलीं. जें काम वीस वर्षें सावकाश चाललें होतें, तें थोड्या आठवड्यांत सर्वांवर येऊन पडलें. सर्वोच्च न्यायालयानें २८ ऑगस्ट रोजीं निर्णय दिला कीं, अंतिम वर्षाची परीक्षा घेतल्यावांचून पदवी देतां येणार नाहीं. आणि ऑक्टोबरांत नागपूर विद्यापीठाच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांनीं मोबाइलवर परीक्षा दिली. ज्या विद्यापीठासाठीं मुलगा एके काळीं गांव सोडून जात असे, तें विद्यापीठ त्याच्या हातांतील यंत्रावर आलें.

परंतु हें यंत्र कोणाच्या घरीं होतें? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ सालच्या आंकड्यांप्रमाणें देशाच्या ग्रामीण भागांत शेंकडा १४.९ घरांत इंटरनेटची सोय होती, नागरी भागांत शेंकडा ४२; आणि संगणक असलेलीं घरें ग्रामीण भागांत शेंकडा ४.४ होतीं. बहुतेक घरांत जें कांहीं होतें तें एक मोबाइल, आणि तोहि घरांतील कर्त्या पुरुषाबरोबर बाहेर जाणारा. एका घरीं दोन भावंडें शिकत असतील, तर त्यांतील कोणाचा तास आधीं, हा निर्णय विद्यापीठानें नव्हे, घरानें केला. तो निर्णय प्रत्येक वेळीं मुलीच्या बाजूनें झाला असेल, असें समजण्याचें कारण नाहीं.

दुसरी गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. ज्यांच्यापाशीं साधन होतें, त्यांनीं तरी तें कसें वापरलें? अध्यापक पडद्यासमोर बोलत, आणि विद्यार्थी आपला आवाज व चित्र बंद ठेवून ऐकत, किंवा ऐकत नसत. टिपणांच्या फाइली व्हॉट्सॲपवर जात. परीक्षा जवळ आली म्हणजे साठविलेलीं व्याख्यानें दुप्पट वेगानें पाहिलीं जात. अध्यापकहि दमले, रिकाम्या चौकटींशीं बोलणें हें भिंतीशीं बोलण्यापेक्षां वेगळें नव्हे. दुतर्फा चालणाऱ्या साधनाचा आपण पुन्हां एकतर्फी रेडिओ केला. इतिहासानें मोठ्या सायासानें मिळवून दिलेली परतीची वाट आपण स्वतः ओस पाडली.

याचा अर्थ हीं साधनें टाकाऊ आहेत असा कोणी करूं नये. याच काळांत अनेक अध्यापकांना एक उलट अनुभवहि आला. वर्गांत जो विद्यार्थी मागच्या बांकावर बसून तोंड उघडीत नसे, ज्याला आपल्या बोलीची किंवा इंग्रजीची लाज वाटे, तो लेखी प्रश्न विचारूं लागला. चार चौघांसमोर हात वर करण्यास जें धैर्य लागतें, तें दोन ओळी लिहिण्यास लागत नाहीं. वरठीसारख्या गांवाहून येणाऱ्या मुलाच्या दृष्टीनें हा लाभ लहान नव्हे. मात्र त्याच्या दोन ओळींना उत्तर आलें पाहिजे, आणि तें त्याला समजेल अशा भाषेंत आलें पाहिजे. या मंचांवरील बहुसंख्य पाठ अजून इंग्रजींत आहेत. एनपीटेलच्या कांहीं पाठांचीं मराठी रूपांतरें झालीं आहेत. तीं वाढलीं पाहिजेत.

श्रोतेहो, या सर्व इतिहासांतून एक कसोटी हातीं लागते. शिक्षणाचें नवें साधन आलें म्हणजे तें किती लोकांपर्यंत पोंचतें, हें आपण मोठ्या उत्साहानें मोजतों. लंडनची परीक्षा पोंचली, रेडिओ पोंचला, उपग्रह पोंचला. त्याबरोबरच विद्यार्थ्याचा प्रश्न कोणापर्यंत पोंचतो, आणि किती दिवसांनीं उत्तर येतें, हेंहि मोजावें. एका अध्यापकामागें हजार नांवें नोंदवून हें साधणार नाहीं. त्यासाठीं उत्तरें देणारीं माणसें नेमावीं लागतील, त्यांच्या श्रमाचा हिशेब अध्यापनांत धरावा लागेल, आणि अभ्यासकेंद्रावरचा तो सुटीच्या दिवशीं भेटणारा शिक्षक ऑनलाइनच्या नांवाखालीं काढून न टाकतां ठेवावा लागेल.

आपणांपैकीं पुष्कळांच्या घरीं आज प्रत्येकाचा निराळा मोबाइल आहे, आणि मुलाला शंका आली तर विचारण्यास शेजारींच कोणी जाणता मनुष्य असतो. म्हणून ऑनलाइन वर्गांतील उणीव आपल्या घरीं फारशी जाणवत नाहीं. ती आपण नकळत घरच्या घरीं भरून काढतों. भंडारा रोड स्टेशनाजवळच्या खोलींत पाळीहून येऊन पुस्तक उघडणाऱ्या तरुणाजवळ असें कोणी नसतें. त्याच्या दृष्टीनें विद्यापीठ म्हणजे नागपूरची इमारत नव्हे, कीं पडद्यावरील चित्रहि नव्हे. त्यानें रात्रीं लिहून पाठविलेल्या प्रश्नाला जो कोणी दुसऱ्या दिवशीं उत्तर देतो, तेंच त्याचें विद्यापीठ.